कंसातली ओळ

घाटंजी तालुक्यातल्या एका सासूबाईंचं पत्र आलं आहे. वहीची दोन पानं, पाठपोट. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. बोली त्यांचीच ठेवली आहे, तिच्यावर मी इस्त्री फिरवणार नाही. जागेपुरतं थोडं कमी केलं आहे, एवढंच:

‘मॅडमले नमस्कार. आमच्या सुनेले तिसरा महिना सरत आला. वय चोवीस. पयली पोरगी आहे, तीन वर्षाची. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं आधी एक सोनोग्राफी अन् रक्ताची तपासणी केली, त्याच्यात ६२० असा काहीतरी आकडा आला. मंग म्हणे आता मोठी तपासणी करा, एनआयपीटी, अठरा हजार लागते. सुई टोचते सुनेच्या हाताले अन् दोष सांगते पोटातल्या लेकराचा. असं कसं होते? आमाले कोणी लुबाडून तर नाही राहिलं? मिरग तोंडावर आला, घरात आहे ते बियाण्याचे पैसे. पोरगा म्हणते करू. सून काही बोलत नाही. माह्या भाच्याचं म्हणणं का ह्याच तपासणीत पोरगा का पोरगी तेही समजते, फक्त नागपूरच्या एका माणसाले वरून पाच हजार द्या लागते. मले तसं काही नाही, पण विचारून ठेवतो. (सुनेच्या मावसभावाले सिकल आहे, पण ते तिच्या माहेरचं. आमच्या घरी कोणाले नाही.) काय करावं ते सांगा.’

ताई, नमस्कार.

लुबाडणूक नाही. तपासणी खरी आहे आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंनी ती उगाच लिहिलेली नाही. पण अठरा हजार आजच मोजा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकून दिली आहे. तिच्याकडे येतेच. आधी तुमचा प्रश्न घेते: सुई सुनेला आणि खबर लेकराची, हे कसं?

हा प्रश्न बावळटपणाचा नाही. मोठमोठे डॉक्टर वर्षानुवर्षं याच्यावर डोकं फोडत होते. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या इतक्या थोड्या, की शोधणं म्हणजे कापसाच्या गाडीत पडलेली सुई. सगळे जण त्या अख्ख्या पेशींच्या मागे लागले होते. रक्ताची नळी यंत्रात गरागरा फिरवली की खाली लाल गाळ बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं, शिजलेल्या डाळीवर कट येतो ना, तसं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. शोधाशोध सगळी खालच्या गाळात चालली होती आणि वरचं पाणी मोरीत जात होतं.

डेनिस लो नावाचा हाँगकाँगचा डॉक्टर तेव्हा इंग्लंडात ऑक्सफर्डला काम करत होता. १९९६ साली त्याच्या वाचनात आलं, की कॅन्सरच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या प्लाझ्मात सुटा सापडतो. त्याच्या मनात आलं, एवढीशी गाठ आपली खूण रक्तात सोडते, तर नऊ महिने आत बसणारं बाळ सोडत नसेल? आता या पिवळ्या पाण्यातून डीएनए काढायचा कसा? तो म्हणतो, त्याचं उत्तर त्याला झटपट नूडल्स उकळताना सुचलं. प्लाझ्मा घेतला आणि पाच मिनिटं उकळला. १९९७ मध्ये त्याने ४३ गर्भवतींचे निकाल छापले. त्यातल्या ३० जणींच्या पोटात मुलगे होते. त्या ३० पैकी २४ जणींच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्राचा तुकडा सापडला. ज्या १३ जणींच्या पोटात मुली होत्या, त्यांच्यापैकी एकीतही नाही. (त्या साली मी तालुक्याच्या दवाखान्यात पोटाला नरसाळं लावून बाळाचे ठोके ऐकत होते. ही बातमी माझ्यापर्यंत यायला आणखी दहा वर्षं गेली.)

वाय गुणसूत्रच का शोधलं? कारण ते बाईच्या अंगात नसतंच. जी गोष्ट आईत मुळीच नाही ती आईच्या रक्तात दिसली, म्हणजे ती बाळाचीच. हे नीट ध्यानात ठेवा, तुमच्या भाच्याशी बोलताना आणि सिकलच्या, म्हणजे रक्ताच्या त्या पिढीजात रोगाच्या वेळी, दोन्हीकडे लागणार आहे.

हे सुटे तुकडे येतात कुठून? वारेतून. बाळ आणि गर्भाशय यांच्यामध्ये वार असते, आणि तिच्या पेशी सारख्या मरत असतात, नव्या येत असतात. मेलेल्या पेशीतला डीएनए अख्खा राहत नाही, त्याचं कुटार होतं. एकेक तुकडा साधारण दीडशे अक्षरांचा. आईच्या स्वतःच्या मेलेल्या पेशींचंही असंच कुटार तिच्या रक्तात असतं. म्हणजे दोन शेतांचं कुटार एकाच ढिगात. या महिन्यांत त्यातलं दहा-बारा टक्के वारेचं असतं, बाकी आईचं. दहाव्या आठवड्याच्या आधी वारेचा वाटा फार थोडा असतो, म्हणून ही तपासणी त्याआधी करत नाहीत. आणि पहिल्या पोरीचं उरलंसुरलं यात मिसळेल अशी शंका मनात आली असेल, तर ती काढून टाका. बाळंतपण झालं की हे कुटार काही तासांत रक्तातून साफ होतं.

ढीग वेगळा तर करता येत नाही. मग यंत्र करतं काय? मोजतं. लाखो तुकडे वाचतं आणि प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्राचा ते लावून ठेवतं. माणसाला गुणसूत्रांच्या २३ जोड्या. २१ नंबरचं गुणसूत्र बारकं, त्यामुळे दर एक लाख तुकड्यांत त्याचे साधारण १३०० निघतात. बाळाला हे गुणसूत्र दोनऐवजी तीन असतील, म्हणजे ज्याला डाउन सिंड्रोम म्हणतात ते असेल, आणि ढिगात बाळाचा वाटा दहा टक्के असेल, तर १३०० च्या जागी सुमारे १३६५ निघतील. फरक ६५ चा. माणसाच्या हाताने तो कधीच कळला नसता. लाखो तुकडे भराभर वाचणारी यंत्रं आली तेव्हा, २००८ च्या सुमारास, हे करून दाखवता आलं आणि २०११ पासून तपासणी बाजारात आली. २१ सारखेच १८ आणि १३ नंबरचे जादा गुणसूत्रही असेच मोजून कळतात. अठरा हजार जातात ते या मोजणीचे.

आता तुमचा ६२० चा आकडा. आधी झाली ती डबल मार्कर नावाची रक्ताची तपासणी आणि बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी. त्यांचा हिशेब असा निघाला, की सुनेसारख्या ६२० बाया उभ्या केल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असू शकेल आणि ६१९ जणींच्या बाळांना नसेल. घरात हा आकडा असा कोणी समजावून सांगितला का? बहुतेक नाही. रिपोर्ट हातात दिला, चेहरा गंभीर केला आणि पुढच्या चिठ्ठीवर एनआयपीटी. अडीचशेत एक किंवा त्याहून वाईट आकडा आला तर मी स्वतः आग्रह धरते. हजारात एकाच्या पलीकडे असेल तर बहुतेक ठिकाणी थांबतात. तुमची सून मधल्या पट्ट्यात आहे. या पट्ट्यात एनआयपीटी सुचवणं बरोबरच आहे, पण घर जळतंय अशी घाईही नाही.

तपासणी केली तर काय हाती येईल, तेही आकड्यांत बघा. सुनेसारखाच आकडा आलेल्या ६२,००० बाया घ्या. त्यातल्या १०० जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम असेल. त्या शंभरातल्या ९९ ही तपासणी पकडेल, एक सुटेल. पण बाकीच्या ६१,९०० चांगल्या बाळांपैकी काहींवरही ती चुकून बोट ठेवेल. हजारी एक चूक धरली तरी अशी ६२ बाळं होतात. म्हणजे ‘हाय रिस्क’ असा कागद १६१ जणींच्या हातात पडेल आणि त्यातल्या ६२ जणींचं बाळ धडधाकट असेल. जाहिरातीत ‘९९ टक्के अचूक’ असं वाचून लोक काय समजतात ते मला माहीत आहे. ते तसं नसतं.

हे चुकतं कशामुळे, तर तुकडे बाळाचे नसून वारेचे असतात. बहुतेक वेळा वार आणि बाळ सारखंच असतं, पण कधीकधी जादा गुणसूत्र फक्त वारेत असतं, बाळात नाही. कधी सुरुवातीला जुळं असतं, एक विरून जातं, त्याचे तुकडे मागे राहतात. क्वचित दोष आईच्याच शरीरात कुठेतरी असतो. म्हणून ही चाळणी आहे, निकाल नव्हे. कागद ‘लो रिस्क’ आला तर त्या तीन गुणसूत्रांपुरतं निवांत झोपा. ‘हाय रिस्क’ आला तर सोळाव्या आठवड्यानंतर पोटातून पातळ सुईने गर्भजल काढून खात्री करायची. ती होईपर्यंत कोणी काही ठरवायचं नाही. सासूने नाही, डॉक्टरनेही नाही. नुसत्या एनआयपीटीच्या कागदावर गर्भ पाडायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. गर्भजलाच्या सुईने गर्भपात होईल ही भीती फार असते. अनुभवी हात असेल तर तो धोका दोनशेत एकाहूनही कमी आहे.

आणि डाउन सिंड्रोम म्हणजे काय हेही कोणी घरात बोललं नसेल. आमच्या गल्लीत तसा एक मुलगा आहे. मुलगा म्हणते, पण तिशी ओलांडली आहे. रोज सकाळी सहा घरी पेपर टाकतो. एखाद्याला बाहेर यायला उशीर झाला तर दारात उभा राहून रागावतो. पैशांचा हिशेब त्याला येत नाही, तो आई करते. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं, शाळा चौथीत सुटली. आईला आता एकच घोर आहे, माझ्यामागे याचं कोण. मी यात ना गोड सांगितलं ना भयानक. असं मूल पदरात घ्यायचं की नाही, याचं उत्तर सदरात लिहून देता येत नाही.

आता कंसातल्या ओळीकडे येते.

काही वर्षांपूर्वी एक बाई चौदा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. लेकराचे दोन्ही तळहात वरच्या बाजूने पुरीसारखे फुगलेले, बोटं मिटत नव्हती, कोणी हात लावला की किंचाळायचं. बाई घाबरलेली होती, पण फाइल व्यवस्थित लावलेली. वरच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद: तिन्ही गुणसूत्रांपुढे ‘लो रिस्क’. मला दाखवत म्हणाली, ‘मॅडम, आम्ही मोठी तपासणी केली होती नं जी. सगळं नॉर्मल होतं.’ कागद खोटा नव्हता. गुणसूत्रं नॉर्मलच होती. लेकराला सिकलसेल होता, एसएस, म्हणजे दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला. आई वाहक, बाप वाहक, म्हणजे दोघांत दोष एकेरी, आणि दोघांनाही ठाऊक नाही. पंधरा हजार भरताना त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, की ज्या रोगाची विदर्भात आधी चौकशी करायची तो या तपासणीत दिसतच नाही. त्या दिवशी मी तिला काय बोलले ते आठवत नाही, पण तो कागद ती पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवत होती ते आठवतं.

दिसत का नाही? जादा गुणसूत्र मोजून कळतं. सिकलसेल हा मोजणीचा मामलाच नाही. रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन बनवायची जी पाककृती आपल्या पेशीत लिहिलेली असते, तिच्यातलं एक अक्षर बदललेलं असतं, फक्त एक. आता सून वाहक असेल तर तिच्या स्वतःच्या कुटारात ते बदललेलं अक्षर आधीच भरपूर पडलेलं असणार. नवरा वाहक असेल तर बाळाला त्याच्याकडून येणारं अक्षरही हुबेहूब तसंच. ढिगातला कोणता तुकडा आईचा आणि कोणता बाळाचा, ओळखणार कसं? मघाशी म्हटलं ना, आईत नसलेली गोष्ट शोधणं सोपं. आईत असलेलीच गोष्ट बाळात आहे का, हे शोधणं फार अवघड. प्रयोगशाळांत त्याच्यावर काम चाललेलं आहे, पण तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेली तपासणी ते करत नाही.

‘ते तिच्या माहेरचं, आमच्या घरी कोणाले नाही.’ ताई, हे वाक्य मी पंचवीस-तीस वर्षं ऐकते आहे. वाहक माणसाला काही होत नाही. नांगर धरतो, सत्तर वर्षं जगतो, त्याला कळतही नाही. घरात कोणी दुखण्याने विव्हळलं नाही म्हणजे घरात सिकल नाही असं होत नाही. गडचिरोली, चंद्रपूरपासून तुमच्या यवतमाळपर्यंत आणि वर मेळघाटापर्यंत हे अक्षर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. आदिवासी समाजांत जास्त, पण फक्त तिथेच असंही नाही. सुनेचा मावसभाऊ रुग्ण आहे, म्हणजे त्याची आई, अर्थात सुनेची मावशी, वाहक असणारच. त्या मावशीची सख्खी बहीण तुमची विहीण. सून वाहक असण्याची शक्यता नाकारता येण्यासारखी नाही. पण नुसती सून वाहक असून बाळाला रोग होत नाही. तुमचा मुलगाही वाहक असेल तरच. दोघंही असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा रुग्ण मूल, दोन वेळा वाहक आणि एक वेळा अगदी मोकळं. म्हणजे यात ‘तिच्या माहेरचं’ असं काही नसतं. अर्धं माहेरचं असेल तर अर्धं तुमच्याकडचं.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबावर आधी चाचणी होते. त्यात संशय आला की रक्त एचपीएलसी नावाच्या पक्क्या तपासणीला पाठवतात आणि एए (मोकळा), एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते पक्कं कळतं. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, पण विदर्भात ही तपासणी त्याच्याही कितीतरी आधीपासून होते आहे. सुनेच्या गरोदरपणाच्या कार्डावर कुठे सिकलसेलची नोंद आहे का ते आजच बघा. पहिल्या खेपेला कदाचित केलेलीही असेल आणि कागद ट्रंकेत पडला असेल. नसेल तर आशाताईंना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास मोफत तपासणी असते, पण त्या तारखेची वाट बघत बसू नका, याच आठवड्यात जा. आणि जाताना मुलाला घेऊन जा. एकट्या सुनेला पाठवू नका. नवरे यायला का-कू करतात, पेरणीचं कारण सांगतात. सकाळचे दोन तास लागतात, तेवढ्यात मिरग काही निघून जात नाही.

सून एए निघाली, तर विषय संपला. सून एएस आणि मुलगा एए, तरीही बाळाला रोगाची भीती नाही. दोघंही एएस निघाले, तर मात्र तुमचे पैसे एनआयपीटीला नाही, नागपूरच्या गाडीभाड्याला लागतील. चौदाव्या आठवड्यापर्यंत वारेचा कण घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन, बाळाला सिकल आहे का ते थेट बघता येतं. म्हणूनच या आठवड्याचं बोलले, एनआयपीटी पुढच्या पंधरवड्यातही होईल. गर्भजल काढायची वेळ आलीच तर गुणसूत्रंही त्यातच बघता येतात, मग अठरा हजारांचा प्रश्नच उरत नाही. आणि बाळ एसएस असूनही घरच्यांनी ठेवायचं ठरवलं, तर जन्मापासून माहीत असणं फार मोलाचं आहे. त्रास सहा महिन्यांनंतर सुरू होतो. त्याआधीपासून पेनिसिलिन, लसी, पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध, हे वेळेवर मिळालं तर त्या लेकराचं आयुष्य वेगळं होतं. नातीचीही तपासणी याच वेळी करून टाका.

आता भाच्याची गोष्ट. तुम्हाला ‘तसं काही नाही’ हे मी मानते. पण मग भाच्याचं वाक्य पत्रात आलं कशाला?

खरं सांगते, भाचा खोटं बोलत नाही. या विद्येचा पहिला प्रयोगच वाय गुणसूत्रावर झाला. मुलगा की मुलगी हे या रक्तात सगळ्यात आधी कळतं, २१ नंबरपेक्षा कितीतरी सोपं. आणि म्हणूनच आपल्याकडे ते कागदावर येत नाही. आपल्या महाराष्ट्राने याच्यावर १९८८ सालीच कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. १९९४ मध्ये देशाचा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाचं लिंग शब्दांनी, खुणेने किंवा कसंही सांगणं गुन्हा आहे. पेढा की जिलेबी असं बोलणंही त्यात येतं. विचारणाऱ्याला, म्हणजे नवऱ्याला किंवा सासूला, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सुनेवर गुन्हा येत नाही. कायदा धरून चालतो, की तिच्यावर घरच्यांनी जबरदस्ती केली, आणि तसं नव्हतं हे घरच्यांना सिद्ध करावं लागतं. शिवाय नागपूरचा तो माणूस पाच हजार घेऊन रक्त मोरीत ओतेल आणि तोंडाला येईल ते सांगेल, तरी अर्ध्या वेळा बरोबर निघेल. कुठे तक्रार करणार? भाच्याला माझं नाव सांगून गप्प करा. तीन वर्षांची नात घरात खेळते आहे, तिच्यासमोर असल्या गोष्टी बोलू नका. पोरींना फार लवकर कळतं.

एवढं झाल्यावर अठरा हजारांचं बघू. सिकलचा निकाल आला, तो चांगला आला, आणि ६२० चा आकडा मनातून जात नसेल, तर एनआयपीटी करा. मी तुमच्या जागी असते तर? बियाण्याचे पैसे मोडून केली नसती. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली मोठी सोनोग्राफी मात्र काही झालं तरी चुकवली नसती. हृदयातलं भोक, फाटलेला ओठ, पाठीच्या कण्याची फट यातलं काहीही एनआयपीटीत दिसत नाही, ते तिथेच दिसतं. पण हे माझं मत आहे, आणि मी त्या घरात राहत नाही. दुसऱ्या एखाद्या लॅबचा भावही विचारा. दहा हजारांपासून पंचवीसपर्यंत भाव आहेत, आणि जादा पैशांत जी लांबलचक यादी दाखवतात तिच्या मोहात पडू नका. २१, १८, १३ एवढं पुरे.

करायचीच ठरली तर एक बारीक गोष्ट. या तपासणीची नळी वेगळी असते. साध्या नळीत आईच्या पांढऱ्या पेशी काही तासांत फुटायला लागतात, त्यांचं कुटार ढिगात पडतं आणि बाळाचा वाटा कमी होतो. म्हणून या नळीत पेशी धरून ठेवणारं औषध घातलेलं असतं. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, खडखडून हलवायची नाही. बर्फात ठेवायची नाही आणि उन्हातही नाही. आपल्याकडे मेच्या शेवटी चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश असतात, आणि नमुना नेणारा मुलगा ती नळी मोटारसायकलच्या डिकीत टाकून यवतमाळच्या स्टँडवर तासभर उभा राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रक्त द्यायला सकाळी जा, नमुना त्याच दिवशी पुढे जातो का ते विचारा, आणि ‘बाळाचा वाटा कमी, पुन्हा रक्त द्या’ असा निरोप आला तर दुसऱ्यांदा पैसे लागतील का हे आधीच कागदावर घ्या. असा निरोप आला म्हणजे बाळात दोष आहे असं लगेच समजू नका. अंगाने भरलेल्या बायांत असं जास्त होतं.

सगळ्यात शेवटी तुमच्या पत्रातले आणखी चार शब्द: ‘सून काही बोलत नाही.’ तुम्ही लिहिलंत, मुलाचं मत लिहिलंत, भाच्याचंसुद्धा लिहिलंत. रक्त जिचं काढायचं तिचं मत पत्रात नाही. तपासणीच्या कागदावर सही तिची लागते. पुढे काही कठीण ठरवायची वेळ आली तर कायद्याने सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही. हा अंक तिला द्या, तिच्या हातात, आणि तुम्ही थोडा वेळ शेजारी जाऊन बसा. तिला वाटलं तर तिने मला वेगळं पत्र लिहावं, तेही नाव न छापता उत्तर देईन.

आणि हो, दवाखान्यात नेताना तिला उपाशी नेऊ नका. सिकलच्या तपासणीला काय आणि एनआयपीटीला काय, उपाशीपोटी लागत नाही. चहा-पोळी खाऊ घालून न्या.